पाटोळे सर आणि मुलीची टीम

माझा नवरा एका जागी शांत बसलेला मी फक्त आमच्या लग्नाच्या फोटोत पाहिलाय. तिथेही फोटोग्राफरने दोनदा दामटून बसवला म्हणून. एरवी कृपादान पाटोळे हा माणूस जेवता जेवता उठतो, चर्चमध्ये उपदेश ऐन रंगात आलेला असताना मागच्या पंख्याचा आवाज का येतोय ते बघायला उठतो, आणि झोपल्यावर दाराची कडी तपासायला इतक्यांदा उठतो, की आमच्या भिंगारच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा आता भुंकत नाहीत. तुम्ही म्हणाल, बाई नवऱ्याची चेष्टा करतेय. करतेच आहे. पण आज सांगायचंय ते चेष्टेतलं नाही.

हे नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. मी भिंगारमध्येच शाळेत गणित शिकवते. दरवर्षी जानेवारीत ह्यांच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंगची स्पर्धा होते. जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांतून तीन-तीन मुलांच्या टीम येतात. तिघांत मिळून एकच कॉम्प्युटर, पाच तास, आणि गणितासारखे किचकट दहा प्रश्न. मुलांनी प्रोग्रॅम लिहून पाठवायचा, तो परीक्षकांच्या मशीनवर लपवून ठेवलेल्या आकड्यांवर चालतो. उत्तर बरोबर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. प्रश्न सुटला की त्या प्रश्नाच्या रंगाचा एक फुगा टीमच्या टेबलाला बांधायचा. फुगे हे माझं खातं. त्या दिवशी मी सकाळपासून पंप मारते आणि संध्याकाळी माझा दंड उचलत नाही.

ही स्पर्धा ह्यांनीच सुरू केली. पहिल्या वर्षी कॉम्प्युटर मागून आणले होते, आणि मुख्य पाहुण्यांना ही टायपिंगची परीक्षा वाटली होती. पुण्याच्या विभागीय फेरीत नगरच्या पोरांचं नाव कधी वाचायला मिळत नाही, हे ह्यांना सलायचं. आता ते मिळतं, कारण इथे जी टीम पहिली येते ती पुण्याला जाते. फक्त पहिली.

आमची एकुलती एक मुलगी प्रार्थना संगमनेरकडच्या कॉलेजात शिकते, तिथेच होस्टेलला राहते. गेल्या वर्षी तिची टीम दुसरी आली. बक्षीस समारंभानंतर चहाच्या टेबलाशी कुणीतरी म्हणालं, "दुसरी येणारच. पाटोळे सरांची पोरगी ती. पेपर घरीच बघितला असंल." मी तिथेच त्या माणसाला चहाचा कप खाली ठेवायला लावला आणि असं झापलं, की तो परत कप उचलायला आला नाही. हे मात्र ऐकून गाडीकडे निघाले. आणि घरी आल्यावर ओट्यावर येरझाऱ्या.

ह्यांचं हे दुखणं वडिलोपार्जित आहे. माझे सासरे मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते. वर्गात कुणीही दंगा करो, पहिली छडी स्वतःच्या पोराला. आमच्या समाजात असली माणसं ढिगाने सापडतील. आपण मूठभर, सगळ्यांचे डोळे आपल्यावर, तेव्हा कुणी बोट दाखवायच्या आत आपणच आपल्या पोरांना बडवून मोकळं व्हायचं. लोक अशा माणसांना देवमाणूस म्हणतात. त्यांच्या पोरांना कुणी विचारत नाही.

तर गेल्या वर्षीच्या त्या चहानंतर ह्यांनी ठरवून टाकलं, की यंदा एकही प्रश्न आपण काढायचा नाही. ते काम त्यांच्या हाताखालच्या सुनील सरांना दिलं. सुनील सर पारनेर भागातले, तरुण, हुशार आणि थोडे धांदरट. स्वतः हे नुसते मुख्य परीक्षक. नाताळला प्रार्थना घरी आली तेव्हा तर कहरच झाला. घरात 'कॉम्प्युटर' हा शब्द काढायचा नाही. ह्यांचा लॅपटॉप शेजारच्यांकडे. एकदा तिने नुसतं विचारलं, "पप्पा, वायफाय का चालत नाहीये?" तर हे ताटावरून उठून अंगणात गेले. मी आणि ती हसून हसून लोळलो.

पण रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "मम्मी, आमचं तिघांचं शेवटचं वर्ष आहे. मी टीममधून बाहेर पडू का? म्हणजे आरती आणि आदिनाथला तरी त्रास नको."

आरती भांगरे भंडारदऱ्याकडची. तिचे वडील धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू लावतात. आदिनाथ गर्जे पाथर्डी तालुक्यातला, आईवडील हंगामात ऊसतोडीला कारखान्यावर. तिघं पहिल्या वर्षापासून एकत्र आहेत. पुण्याची फेरी एकदा तरी खेळायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मी तिला म्हटलं, वेडी आहेस का? तुझा बाप कडक आहे, पण अन्याय करणारा नाही. मी तेव्हा असं म्हटलं होतं.

स्पर्धेच्या शनिवारी उजाडायच्या आत हे तयार होऊन बसले, म्हणजे उभेच होते. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. त्यांच्यामागे आमची गाडी मुंगीच्या चालीने, आणि हे मांडीवर बोटं आपटतायत. कॉलेजात पोहोचल्यावर जनरेटर बघून आले, पंधरा मिनिटांनी परत बघून आले. "तो पळून नाही जाणार," मी म्हटलं. ऐकतंय कोण?

टीम यायला लागल्या. प्रार्थना, आरती आणि आदिनाथ फाटकातून आत आले. ह्यांच्यासमोर येताच प्रार्थना म्हणाली, "गुड मॉर्निंग सर." पप्पा नाही, सर. तिने आपण होऊन ती काळजी घेतली होती. आणि ह्यांनी आरतीकडे बघून मान डोलावली. आपल्या मुलीकडे नाही. दिवस ह्यांच्या स्पर्धेचा होता म्हणून मी फुग्यांची पिशवी उचलून आत गेले.

स्पर्धा सुरू झाली. लॅबला लागून एक छोटी खोली, तिथे परीक्षक. म्हणजे हे, सुनील सर, आणि फुग्यांच्या पिशवीसकट मी. मधेच संस्थेचे अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन आले आणि फुगे बघून म्हणाले, "वा! कोणाचा वाढदिवस?" हे त्यांना समजावून सांगायला गेले, तोवर ते पुढच्या फोटोला उभे राहिले होते.

प्रार्थनाची टीम जोरात होती. पिवळा फुगा, निळा, हिरवा, मग केशरी. दुपारपर्यंत गुणफलकावर त्यांचं नाव सगळ्यात वर. मी प्रत्येक फुगा बांधायला जाताना चेहरा कोरा ठेवायची, कारण ह्यांनी सक्त ताकीद दिली होती. आतून मी नाचत होते. आणि हे? प्रत्येक हिरव्या खुणेला हे जास्तच अस्वस्थ व्हायचे. मुलगी पुढे गेलेली बघून घाम फुटणारा बाप मी पहिल्यांदाच पाहिला.

मग आला टँकरचा प्रश्न. टंचाईच्या दिवसांत एक टँकर भरून निघतो, त्याने सगळ्या वाड्यांना पाणी पोहोचवायचं, तर कमीत कमी किती फिरावं लागेल, असं काहीसं. प्रश्नात स्पष्ट लिहिलं होतं की प्रत्येक वाडीपर्यंत रस्ता आहे. प्रार्थनाच्या टीमने प्रोग्रॅम पाठवला. लाल. पुन्हा तपासून पाठवला. लाल.

मुलांना जागेवरून उठता येत नाही. शंका असेल तर टाइप करून पाठवायची, ती टीमच्या नावासकट आमच्या खोलीतल्या स्क्रीनवर दिसते. त्यांची शंका आली: "आकड्यांमध्ये एखाद्या वाडीला रस्ताच नाही, असं झालं आहे का?"

सुनील सरांनी हात पुढे केला. "सर, आकडे उघडून बघतो."

"नको," हे म्हणाले. "प्रश्नात लिहिलंय ना, रस्ता आहे म्हणून? 'प्रश्न पुन्हा नीट वाचा' एवढं पाठव."

"सर, दोन मिनिटांचं काम आहे."

"सुनील, टीमचं नाव बघ. त्यांच्यासाठी मी आकडे तपासायला लावले, हे बाहेर गेलं तर काय होईल?"

मी पंप खाली ठेवला. "अहो, दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर बघितलं असतंत ना?"

"मरिया, तू फुगे फुगव."

मी इतक्या रागाने पंप मारला, की फुगा फुटला. सुनील सर दचकले. ह्यांना ऐकूही आला नसेल.

थोड्या वेळाने दुसरी शंका आली. शब्द प्रार्थनाचे होते, मला तिची भाषा कळते. "आमचा प्रोग्रॅम रस्ता नसलेल्या वाडीपाशी अडकतोय असा आमचा अंदाज आहे. कृपया एकदा तपासावे." ह्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. आणि स्वतःच्या हाताने तेच उत्तर परत पाठवलं.

आता समजून घ्या, एका कॉम्प्युटरवर तीन जणांचं काम असतं. प्रश्न अडला तर सोडून पुढच्याकडे जाणारे जातात. पण ह्या तिघांची खात्री होती की आपलं बरोबर आहे, आणि परीक्षक सांगत होते की नाही. परीक्षकावर विश्वास ठेवला तर चूक आपल्यातच असणार. म्हणून ती पोरं आपलाच प्रोग्रॅम ओळ न् ओळ उसवत बसली. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. आदिनाथ कागदावर वाड्या काढून रेघा जोडतोय, आरती त्याच्या खांद्यावरून वाकलीय, प्रार्थना डोकं धरून बसलीय. त्यांचं टेबल तसंच, आणि मी बाजूच्या टेबलांना फुगे बांधत फिरतेय. फुगे बांधताना कधी कुणाला रडू आलं असेल तर ते मला.

बरंच उशिरा, राहुरीकडच्या एका टीमची शंका आली. त्यांचा कॅप्टन करण नावाचा मुलगा. शंका तीच, फक्त दोन शब्द इकडचे तिकडे. हे ताडकन उठले.

"सुनील, आकडे उघड."

 मी हातातला फुगा गाठ न मारताच सोडून दिला.

सुनील सरांनी फाइल उघडली, खाली खाली गेले आणि थांबले. त्यांचे कान लाल झाले. "सर, आहे. एका वाडीला रस्ता नाहीये."

"कसं काय?"

"मी आमच्या भागातल्या खऱ्या वाड्या घेतल्या होत्या, सर. अंतरं पण खरी. आणि त्या वाडीला... रस्ता नाहीच हो. टँकर खालीच थांबतो. आमच्या बायका डोक्यावरून वर नेतात पाणी. मी आहे तसं टाकलं. प्रश्नात आपण काय लिहिलंय ते ध्यानातच आलं नाही."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच मेलं.

चूक दुरुस्त झाली. सगळ्यांचे जुने प्रोग्रॅम परत चालवले. प्रार्थनाच्या टीमने पहिल्यांदा पाठवलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा हिरवा झाला. करणच्या टीमचाही झाला. सुनील सर हळूच म्हणाले, "सर, सगळ्यांनाच थोडा वेळ वाढवून देऊ या का? त्यांचा फार वेळ गेला."

"कोणासाठी वाढवला, असं विचारतील," हे म्हणाले. "आणि अध्यक्ष हॉलमध्ये येऊन बसलेत."

जांभळा फुगा मी स्वतः घेऊन गेले. प्रार्थनाने फुग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे पहिल्यापासून बरोबर होतं?"

"हो."

ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि कीबोर्ड पुढे ओढला. पण करणच्या टीमने लाल आल्यावर टँकर लगेच बाजूला ठेवून आधी आणखी एक प्रश्न सोडवला होता आणि मगच शंका विचारली होती. ह्या तिघांचा तो प्रश्न अर्धा झाला होता तेव्हा घंटा वाजली. एका प्रश्नाने पहिला नंबर हुकला. करणची टीम पुण्याला जाणार, आणि प्रार्थनाची दुसरी. परत दुसरी.

बक्षीस समारंभ कसा झाला ते मला धड आठवत नाही. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, सगळं झालं. दुसऱ्या क्रमांकाची ढाल ह्यांनी द्यायची होती. ती त्यांनी आरतीच्या हातात दिली, प्रार्थनाकडे न बघता. मग अध्यक्षांचं भाषण सुरू झालं आणि हे कुणाला दिसायच्या आत बाजूच्या दाराने बाहेर सटकले. मी त्यांच्या मागे. आणि आमच्या मागे ती तिघं.

पाण्याच्या टाकीपाशी प्रार्थनाने त्यांना गाठलं.

"पप्पा."

दिवसभरात पहिल्यांदा.

"आम्ही दोनदा विचारलं. तेव्हा आकडे का नाही उघडले?"

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, हे मी मानते. "तुझी टीम होती म्हणून," ते म्हणाले.

"माझं जाऊ द्या हो." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मला लहानपणापासून सवय आहे. चर्चच्या संडे स्कूलमध्ये माझं पाठांतर सगळ्यांत चांगलं व्हायचं आणि बक्षीस तुम्ही दुसऱ्याला द्यायचात. मी कधी काही बोलले? पण ही आरती तुमची कोण लागते? हा आदिनाथ तुमचा कोण? ह्यांना कसली शिक्षा दिलीत?"

हे टाकीला हात टेकून उभे राहिले. ह्यांच्या डोक्यात हा हिशेब कधी आलाच नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माझ्याही आला नव्हता. मी दिवसभर माझ्या लेकीसाठी जळत होते. ही दोन परकी पोरं तिच्या डाव्या-उजव्या हाताला बसलीत, हे मलाही ती म्हणाली तेव्हाच कळलं.

हे आदिनाथकडे वळले. "बाळ, मी पुण्याला लिहितो. चूक परीक्षकांची होती, तुम्ही ती सगळ्यांत आधी दाखवली होती. एक जागा वाढवून मागतो."

आदिनाथने मान हलवली. "नका लिहू, सर. लोक म्हनतील, पोरीसाठी केलं. तुमालाच लई त्रास व्हईल."

तो टोमणा नव्हता. तो पोरगा खरंच ह्यांची काळजी करत होता. तेच मला सहन झालं नाही. "आता बोला," मी ह्यांना म्हटलं. "तुमचंच वाक्य आहे. आता पोरंसुद्धा तुम्हाला तेच परत करतायत."

आरती ढालीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. आत हॉलमध्ये अध्यक्ष ग्रामीण भागातल्या तरुणांच्या उज्ज्वल भवितव्याबद्दल बोलत होते, लाऊडस्पीकर खरखरत होता.

"म्हणू देत," हे म्हणाले.

इतकं हळू, की आदिनाथने "काय, सर?" असं विचारलं. पण हे तोवर हॉलकडे निघाले होते.

त्या पत्राचं पुढे काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर तुम्ही वाट बघत राहाल. ह्यांनी पत्र लिहिलं, पुण्याहून उत्तर आलं की नियमात बसत नाही. तिघांची पुण्याची फेरी गेली ती गेलीच. मला त्याचा राग आहे आणि तो जाणार नाही. हे मी ह्यांच्या तोंडावर सांगितलंय.

तर त्या दिवशी हे स्टेजवर चढले तेव्हा अध्यक्षांचं वाक्य अर्धं होतं. ह्यांनी त्यांना हात जोडले आणि माइकपाशी उभे राहिले. अध्यक्षांना वाटलं आभार प्रदर्शन, ते बसले. सुनील सरांचा चेहरा पांढरा पडला. ह्यांचे पाय तेव्हासुद्धा एका जागी नव्हते, भार ह्या पायावरून त्या पायावर जात होता.

"टँकरच्या प्रश्नात आमची चूक होती," हे म्हणाले. "ती एका टीमने फार आधी दोनदा दाखवली. मी ती तपासली नाही. नंतर दुसऱ्या टीमने तेच विचारलं, तेव्हा लगेच तपासली. सुनील सर तपासायला तयार होते, मी त्यांना अडवलं. ज्या टीमला मी अडवलं, त्या टीममध्ये..."

मागच्या रांगेतून कुणीतरी मुद्दाम मोठ्यांदा म्हणालं, "झालं! पोरीची वकिली सुरू झाली."

हशा पिकला. गेल्या वर्षीच्या चहापासून ज्या वाक्याच्या धास्तीने ह्या माणसाने घरात वायफायचं नाव काढू दिलं नव्हतं, ते वाक्य भर हॉलमध्ये आलं होतं. हे थांबले. मला वाटलं, आता उतरतील. दाराशी प्रार्थना माझा हात धरून उभी होती, तिला पण तेच वाटलं असणार, कारण तिने मान खाली घातली.

ह्यांनी हसणं संपू दिलं. मग तेच सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, जास्त मोठ्यांदा. चूक आमची, दोनदा दाखवली, मी तपासली नाही. आणि ह्या वेळी वाक्य पुरं केलं.

"त्या टीममध्ये पाथर्डीचा आदिनाथ गर्जे आहे. भंडारदऱ्याची आरती भांगरे आहे. आणि माझी मुलगी आहे, प्रार्थना. ह्या तिघांची मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'माझी मुलगी' हे शब्द मी त्यांच्या तोंडून चारचौघांत तेव्हा पहिल्यांदा ऐकले. प्रार्थनानेही पहिल्यांदाच.